शनिवारची किक

सात वर्षं मी सिंगापुरात दर शनिवारी दुपारी खांद्यांवर प्लास्टिकचं चिलखत चढवून एका बाकाच्या टोकाला बसत आलो आहे. अमेरिकन फुटबॉलच्या संघात किकर नावाचा एक माणूस असतो, तो मी. सामना तीन तास चालतो. त्यातली माझी मेहनत सगळी मिळून दोन मिनिटांचीही भरायची नाही. बाकीचे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, चिखल खातात, आणि गाडी अडली की मला हाक मारतात. मी धावत आत जातो, एक गडी गुडघा टेकून तो दोन्हीकडून निमुळता चेंडू उभा धरतो, मी तो उंच खांबांच्या मधून पलीकडे धाडतो आणि परत बाकावर येतो. चेंडू गेला तर हेल्मेटवर दोन टपल्या मिळतात. नाही गेला तर कुणी काहीच बोलत नाही. मला टपल्यांपेक्षा ते न बोलणंच जास्त लागतं.

किकरच्या शेजारी कुणी बसत नाही. त्याचं लक्ष विचलित होऊ नये, असा म्हणे या खेळातला रिवाज आहे. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे, सामना म्हणजे तालमीतली चाळीस माणसं एकाच वेळी कानाशी ओरडतात आणि त्यातच खेळायचं असतं. इथे मला दुपारभर वाळीत टाकल्यासारखं वाटायचं, आणि तेही आदरापोटी.

या भानगडीत मी पडलो तो माझ्याच पायामुळे. कंपनीच्या फॅमिली डेला आमचे साहेब हा चेंडू घेऊन आले होते. साहेब अमेरिकन, सहा फूट दोन इंच, मनाने मोकळे. चेंडू घरंगळत माझ्यापाशी आला. लहानपणी पेठेतल्या मैदानावर फ्री किक मीच घ्यायचो, पायाला ती खाज अजून होती. मी सँडल काढली आणि अनवाणीच हाणला. चेंडू बार्बेक्यूच्या तंबूवरून पलीकडच्या झाडीत गेला. साहेबांच्या हातातला कागदी कप तसाच राहिला. सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि शनिवारी काय करतोस, असं विचारलं.

आता या प्रश्नाचं खरं उत्तर असं होतं की शनिवारी आम्ही पुंगोलच्या घरून लिटिल इंडियात जातो, आठवड्याची भाजी आणि पोहे आणतो, मुलीला पोहायला नेतो, आणि दुपारी मी झोपतो. पण माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, त्या वर्षी संपत होता. बायकोचा पास माझ्या पासावर, मुलीची शाळा आमच्या दोघांच्या पासांवर, आणि माझ्या पासाचा अर्ज साहेबांच्या सहीवर. मी म्हटलं, काही विशेष नाही.

त्या तीन शब्दांनी सात वर्षं खाल्ली. साहेबांनी पासाचा विषय मैदानावर एकदाही काढला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पास दोनदा रिन्यू झाला, दोन्ही वेळा मुकाट्याने झाला. पण माझ्या डोक्यात गणित बसलं होतं ते बसलंच. किक गेली की पास राहणार, किक चुकली की बघायला नको. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज दोनदा नाकारला गेला, तेव्हा आधी मला आठवल्या त्या आदल्या महिन्यात चुकलेल्या किक. माणूस हुशार असून किती मूर्ख असू शकतो, याचं मला स्वतःबद्दल नेहमी नवल वाटतं.

बायको पुण्याची, स्पष्ट बोलणारी. ती म्हणायची, "त्यांनी तुला बांधलेलं नाहीये. तुला नाही म्हणता येत नाही, एवढंच आहे." मी म्हणायचो, तुला ऑफिसातलं कळत नाही. ती स्वतः एका बँकेत अकाउंट्स बघायची, पण त्या वेळी मला दुसरं काही सुचायचं नाही.

हेल्मेट घातलं की समोर लोखंडी जाळी येते. सिंगापूरच्या उकाड्यात आत घाम डोळ्यांत उतरतो, पुसायला बोटही आत जात नाही. किकच्या आधी मी खाली वाकून माती कपाळाला लावतो, ही तालमीची सवय. पण इथलं मैदान कृत्रिम गवताचं. बोटांना माती लागत नाही, रबराचे काळे दाणे चिकटतात, आणि घामाने ते कपाळावर तसेच राहतात. संघातल्या पोरांना वाटायचं हा माझा मंत्र आहे. मी विसरलो तर तेच आठवण करून द्यायचे. मला त्या दाण्यांचा राग यायचा.

तीन वर्षांपूर्वी आबांनी एक्क्याऐंशी गाठली. आबा म्हणजे माझे वडील. निवृत्त शाळामास्तर. मला चेंडू मारायला त्यांनीच शिकवलं, तेही शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूने चौकट आखून. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं नातेवाइकांनी ठरवलं. गुरुजींनी दिवस काढून दिला. आबांचे पाय मुलाने धुवायचे, पूजा मुलाने करायची, आणि आबांना मुलगा मी एकटाच.

तो दिवस शनिवार निघाला, आणि त्याच शनिवारी आमची फायनल. सात-आठ हौशी संघांची ती स्पर्धा, तिची फायनल मी नसतो तर जगबुडी झाली नसती. पण संघ पहिल्यांदाच तिथवर पोचला होता, उपांत्य सामन्यातले शेवटचे तीन गुण माझे होते, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं की फायनल आपल्याला हा पाय जिंकून देईल. पासाची मुदत पुन्हा जवळ आली होती. रजेचा अर्ज मी तीन वेळा लिहिला आणि तीनही वेळा पाठवला नाही. विचारलंच नाही. मग आबांना फोन केला आणि सांगितलं की ऑडिट आहे, साहेब रजा देत नाहीत.

 आबा म्हणाले, नोकरी आधी. बायकोला हे कळल्यावर तिने दोनच तिकिटं काढली. शेवटी ती आणि मुलगी दोघीच गेल्या. जाताना एअरपोर्टवर तिने सांगितलं की तिकडे ती खोटं बोलणार नाही, पण माझं खोटं उघडही करणार नाही. तेवढ्यानेही मला हायसं वाटलं, याची लाज वाटते.

पूजा तिकडच्या साडेदहाची, म्हणजे आमच्याकडची दुपारी एकची. सामना चारला होता. ज्या शाळेच्या मैदानावर सामना, तिथे मी साडेबारालाच पोचलो. बॅगेत ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट नेला होता. लवकर आलेले काही जण गुडघ्यांना पट्ट्या बांधत होते, तेव्हा मी जिन्याखाली जाऊन तो शर्ट घातला, मागे कोरी भिंत येईल असा बसलो आणि व्हिडिओ कॉल घेतला.

आबा पाटावर बसले होते. नवं धोतर, डोक्याला भगवा फेटा. समोर माझ्या जागी चुलतभाऊ बसला होता. त्याच्या डोक्यालाही फेटा होता. त्याने तांब्यातलं पाणी आबांच्या पायांवर घातलं आणि पुसायला पंचा उलगडला. आबांच्या उजव्या पायाची करंगळी वाकडी आहे, ती माझ्याच लहानपणच्या एका शॉटने. चुलतभावाला ते ठाऊक नव्हतं. त्याने ती सरळ दाबून पुसली आणि आबांनी तोंड किंचित वाकडं केलं. मला रडू आलं. मग बायका एक्क्याऐंशी दिव्यांचं तबक घेऊन ओवाळायला उठल्या आणि मुलीने फोन स्वतःकडे वळवला. तिने माझ्याकडे आणि माझ्या डोक्यावरच्या तिरक्या पायऱ्यांकडे नीट पाहिलं.

"बाबा, युवर ऑफिस गॉट धिस काइंड स्टेअरकेस मेह?"

तिच्या खांद्यावरून आबा वाकून बघत होते. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, पण नातीचं हे 'मेह' वगैरे शेपूट लावलेलं सिंगापुरी इंग्रजी त्यांना कळत नाही, म्हणून मी वाचलो. ऑडिट चालू आहे, साहेब शेजारीच आहेत, फार बोलता येत नाही, असं घाईघाईने सांगून मी फोन ठेवला. शर्ट काढला आणि खांद्यांवर चिलखत चढवलं.

सामना सुरू झाला तेव्हा आभाळ काळं होतं. मी बाकाच्या टोकाला होतो. साडेचारच्या सुमाराला मैदानाच्या कडेचा दिवा लुकलुकायला लागला आणि भोंगा वाजला. विजांचा इशारा. इथे त्यावर वाद चालत नाही, भोंगा वाजला की मैदान रिकामं. सगळे धावत छपराखाली गेले. तोवर माझा पाय चेंडूला एकदाही लागला नव्हता.

पाऊस कोसळत होता. साहेब माझ्या शेजारी सिमेंटच्या पायरीवर बसले. ते स्वतः आघाडीच्या फळीत खेळायचे, कोपर सोललं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. आबा. व्हिडिओ नव्हता, नुसता कॉल होता. मी घेतला.

पहिली पंगत उठली, सगळं व्यवस्थित झालं, बासुंदी कमी पडली नाही, असं सगळं त्यांनी सांगितलं. आवाज थकलेला होता. मग म्हणाले, "सायेब हाईत नव्हं शेजारी? दे बघू त्यांच्याकडं."

दुपारी मी खोटं बोललो होतो आणि आता साहेब खरोखरच शेजारी होते. मी म्हणालो की कामात आहेत. आबा म्हणाले, एकच मिनिट. जन्मात त्यांनी माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं. मी फोन साहेबांच्या हातात दिला आणि एवढंच म्हटलं, माझे वडील.

पावसाच्या आवाजात ऐकू यावं म्हणून साहेबांनी स्पीकर लावला. आबा इंग्रजीत बोलले, शाळेतल्या अर्जाच्या इंग्रजीत. आदरणीय महोदय अशी सुरुवात केली. आज माझा एक संस्कार होता, माझा मुलगा एकुलता एक आहे, त्याची गरज होती. कामाचं महत्त्व मी जाणतो, माझी तक्रार नाही. पुढल्या वेळी मात्र त्याला रजा द्यावी अशी नम्र विनंती आहे, कारण माझ्याकडे पुढल्या वेळा फार उरलेल्या नाहीत.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत होतो. माझ्या बोटांना सामन्याआधीच्या सरावातले ते काळे दाणे चिकटलेले होते. आता साहेब सांगतील की रजा मागितलीच नव्हती, आणि एक्क्याऐंशी दिवे ओवाळून झालेल्या माणसाला मुलगा खोटारडा आहे हे कळेल. मनात आलं, ही वीज इथेच पडावी.

साहेब म्हणाले, "सर, चूक माझी आहे. मी त्याला सोडायला हवं होतं. पुन्हा असं होणार नाही."

आबांनी तीनदा आभार मानले. फोन माझ्याकडे परत आला. साहेबांनी सोललेलं कोपर छपराच्या धारेखाली धरलं. मग त्यांनी विचारलं, मी कधी तुला रजा नाकारली आहे का? मी म्हटलं, नाही. मग का गेला नाहीस? मी म्हटलं, फायनल होती. ते म्हणाले, "तू यायच्या आधी किक मीच मारायचो. वाईट मारायचो. आज हरलो असतो, बस." मी पासाचं काही बोललो नाही. ते बोललो असतो तर त्यांना माझ्याबद्दल काय वाटलं असतं, याची भीती वाटली.

पाऊस थांबला नाही. फायनल पुढल्या शनिवारवर गेली. निघताना साहेबांनी विचारलं, पुढल्या शनिवारी येशील? येऊ नकोस असं वाटत असेल तर सरळ सांग, मला राग येणार नाही. चार वर्षांत असं स्वच्छ दार उघडून कुणी उभं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, येतो.

दुसरं काय म्हणणार होतो? माझ्यासाठी हा माणूस माझ्या बापासमोर खोटं बोलला होता, गुन्हा अंगावर घेतला होता. त्याआधी मी मोकळाच होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं. त्यानंतर नाही राहिलो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, आता तर त्यांनी तुला सोडलं होतं. मी म्हटलं, म्हणूनच.

तो सामना आम्ही जिंकलो, माझ्या दोन किकनी. पासही रिन्यू झाला. त्यात साहेबांनी काय केलं, काही केलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. गुडघा दुखतो, पण शनिवार चुकवत नाही.

आबा फोनवर साहेबांची चौकशी माझ्या आधी करतात. असा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं, म्हणतात. त्या समारंभानंतर दोन महिन्यांनी इथल्या हौगांग भागातलं एक ओळखीचं कुटुंब कोल्हापूरहून परत आलं, त्यांच्याबरोबर आबांनी साहेबांसाठी एक डबा पाठवला. डब्यात बांधून तयार केलेला भगवा फेटा होता. वर चिठ्ठी होती, इंग्रजीत, आदरणीय महोदय अशीच. साहेबांनी तो केबिनमध्ये खुर्चीच्या मागच्या कपाटावर ठेवला आहे. कामासाठी आत गेलो की त्यांच्या डोक्याच्या जरा वर तो मला दिसतो.

मागे बायकोने सांगितलं, केबिनमधला तो फेटा आबांनी पूजेच्या दिवशी सकाळीच माझ्यासाठी बांधून घेतला होता. आयत्या वेळी रजा मिळून मी येईन असं त्यांना वाटत होतं. चुलतभाऊ बसला तेव्हा त्यांनी त्याला दुसरा आणायला लावला, आणि माझा तसाच बाजूच्या रिकाम्या पाटावर ठेवला.