साडेतीनचा कॉल

ती केस आठवली की आजही मला माझाच रिपोर्ट वाचवत नाही.

ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात मी पोलीस होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. गुडघे माझ्या आधीच निवृत्त झाले होते. एके दिवशी फोनवर खबर आली. शाळेच्या बसमधून दोन मुलं उतरतात, स्वतःच कुलूप उघडतात, सहापर्यंत घरात मोठं माणूस नसतं. घर मराठी, म्हणून मला पाठवलं. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. आई आठ महिन्यांपूर्वी कॅन्सरनं गेलेली. खबर खरी निघाली. त्याच संध्याकाळी मुलांची रवानगी बालगृहात झाली.

वडिलांचा जबाब मी मराठीतच घेतला.

"दुपारी मुलांकडे कोण बघतं?"

ते घड्याळाकडे बघत राहिले.

"कोणी नातेवाईक? शेजारी?"

"नाही. साहेब, सगळं माझंच चुकलं."

मी इंग्रजीत लिहून टाकलं : आरोप मान्य. हेच वाक्य मी घरी बायकोसमोर दिवसातून तीनदा म्हणतो आणि आजवर एकही आरोप मान्य केलेला नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

सहा आठवड्यांनी, सुनावणीच्या आदल्या दिवशी, घराची पाहणी करायला गेलो. फ्रिज, औषधं, स्मोक अलार्म, एकेक बघून फॉर्मवर खुणा करत होतो. बरोबर साडेतीनला ओट्यावर कुकरला टेकवलेला टॅब वाजला. वडिलांनी हातानंच मला 'नको, नको' केलं. पोलिसाची खोड, मी उचलला.

पडद्यावर शाल पांघरलेल्या एक आजी. मुलांच्या आईची आई.

"तुम्ही कोण? जावई कुठं आहेत? पोरं उतरली का बसमधून?"

आजींकडे, नागपुरात, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

"आजी, तुम्ही जाग्या कशा?"

"रोजच असते. दूध, होमवर्क, सगळं इथूनच बघते. जावई घरी आले की मग झोपते. दीड महिना झाला, कोणी उचलतच नाही. जावई म्हणतात, टॅब बिघडला. मी आपली रोज लावते. येतील ना पोरं?"

"येतील," मी म्हटलं. हे फॉर्मवर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

कॉल संपवून मी वडिलांना विचारलं, "जबाबात हे का नाही सांगितलंत?"

"मुलगी गेली त्यांची. वर त्यांची झोपही मीच घालवली, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी माझाच रिपोर्ट अर्धवट असल्याचं सांगितलं. सरकारी वकिलानं विचारलं, आग लागली तर टॅबमधल्या आजी काय करणार? त्याचं बरोबरच होतं. मुलं परत मिळाली, पण दुपारी घरात मोठं माणूस हवं, या अटीवर. आजींचा व्हिसा येईपर्यंत माझी बायको तिथं जाऊन बसायची. सुट्टीच्या दिवशी मीही. माझ्या हातचे पोहे मुलांनी एकदाच खाल्ले. मग मला फक्त बस स्टॉपची ड्युटी मिळाली.

आजी आल्या त्या आठवड्यात सहज डोकावलो. मुलीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "काका, हळू. आजी इज स्लीपिंग."

सोफ्यावर आजी गाढ झोपल्या होत्या. दोघं भावंडं समोर जमिनीवर होमवर्क करत होती आणि मधूनमधून मान वर करून त्यांच्याकडे बघत होती.

'माझंच चुकलं' म्हणणाऱ्याला 'नेमकं काय चुकलं?' एवढं विचारायला मला अख्खी नोकरी लागली. बायको म्हणते, ती मला लग्नापासून रोज विचारतेय.