मिस्त्रींच्या खुणा

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रंथालयाची दुरुस्ती करून तिथे कार्यालय थाटायचं ठरलं, तेव्हा सामानाची नोंदवही माझ्याकडे आली. मिस्त्रींची ओळख त्या वहीमुळेच झाली. एकसष्ट वर्षांचे सुतार, कानावर पेन्सिल, आठ महिन्यांत एकही खाडा नाही.

इमारतीला अठ्ठेचाळीस खिडक्या. सगळ्या सागवानी, हातानं घडवलेल्या. एकीची पट्टी दुसरीला बसत नाही. मिस्त्रींनी त्या उतरवून पट्टी न् पट्टी सुटी केली होती. इंजिनिअर बाईंनी बजावलं होतं, "प्रत्येक तुकड्यावर नंबर घाला."

"आकडे काय, कोणालाही वाचता येतात," असं म्हणून मिस्त्री पटाशीनं आपल्या खुणा कोरत बसले. चंद्रकोर, माशाचा काटा, दोन ठिपके, कुदळ. पूर्वी एका ठेकेदारानं त्यांच्याकडून काम शिकून घेतलं आणि त्यांनाच घरी बसवलं. तेव्हापासूनची ही सवय. खिडक्यांनंतर खालच्या मजल्यावरचे दरवाजे होते, दोन वर्षांचं काम. ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

अशात मुलीचं बाळंतपण जवळ आलं. ती दूरच्या गावी, जावई बोटीवर, विहीणबाई अंथरुणाला खिळलेल्या. मिस्त्रींची बायको जाऊन चार वर्षं झालेली. डॉक्टरांनी वीस तारीख दिली होती. आठ तारखेला मिस्त्रींनी रजा मागितली.

"जा की," इथला ठेकेदार म्हणाला. "आधी माझ्या एकोणतीस खिडक्या उभ्या करा. लाकडांवर काय चितारून ठेवलंय, ते तुम्हाला आणि देवालाच ठाऊक."

"देवाला तरी कुठे ठाऊक," मिस्त्री म्हणाले. हसला फक्त रंगारी.

दिवसाला एक खिडकी होई. वीस तारखेला बारा दिवस होते. वरच्या दालनात भिंतीच्या मोकळ्या चौकटींवर प्लॅस्टिक ताणलेलं, खाली लाकडांच्या थप्प्या, मधे माणूस जेमतेम वळेल एवढी वाट. त्या वाटेत मिस्त्री दिवसभर पुढे-मागे करत. डबासुद्धा तिथेच, उभ्यानं.

"मला खुणा समजावून सांगा," बाई एकदा म्हणाल्या. "बाकीचे सुतार बसवतील. तुम्ही जा."

"आणि परत आल्यावर?"

"आल्यावर बघू."

"हे 'बघू' मी ऐकलंय, बाई."

सोळा तारखेला ते माझ्या टेबलाशी पाणी प्यायला आले असताना मुलीचा फोन आला. त्यांचे हात सरसानं चिकट झालेले, म्हणून मीच स्पीकर लावून दिला.

"बाबा, शेजारच्या काकू येतो म्हणाल्यात. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"चालेल ना?"

"चालेल म्हटलं ना."

फोन मात्र दोघंही ठेवेनात. शेवटी मिस्त्री म्हणाले, "येतो गं मी." आणि माझ्याकडे वळून, "भाऊसाहेब, कागद आहे?"

मी रकाने आखले: खूण, खिडकी, खोली, बाजू. ते सांगत गेले, मी खुणा काढत, लिहीत गेलो. कुदळीपाशी अडले. ती खिडकी कुठली, हे त्यांनाच आठवेना. वर जाऊन अर्ध्या तासानं परत आले. "जिन्याची. डावी." तो कागद त्यांनी स्वतः नेऊन बाईंच्या हातात दिला आणि संध्याकाळची गाडी पकडली.

तीन आठवड्यांनी परतले, ते आधी माझ्याकडे. फोनमधली नात दाखवली. "नाक आमच्या हिचं." मग आम्ही इमारतीकडे गेलो. खिडक्या सगळ्या उभ्या होत्या. दरवाजांशी दोन नवे सुतार बसलेले, फळीफळीवर नंबर. आणि प्रवेशाजवळच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत माझा तो कागद, वर छापलेलं: 'जुन्या कारागिरांच्या खुणा'.

मिस्त्रींनी तो शांतपणे वाचला. "आठ महिन्यांत जुना झालो की, भाऊसाहेब. आणि कुदळीचा दांडा उलट्या बाजूला काढलाय तुम्ही."

तेवढ्यात ठेकेदार जिन्यावरून ओरडला, "आलात का मिस्त्री? बरं झालं. आता एसी बसणार, खिडक्या कायमच्या बंद करायच्यात. स्क्रू मारायचे. तुमच्या हातून लाकूड फुटणार नाही. करता?"

मिस्त्रींनी नव्या सुतारांकडे पाहिलं. मग कानावरची पेन्सिल काढली.

"एका झडपेला किती स्क्रू?"

"चार."

ते पेटी उचलून वर गेले.