राडकामावशीचं तोंड

राडकाला गप्प बसणं जन्मात जमलं नाही. लहानपणी डोंगरात शेळ्या राखायची तेव्हा शेळ्यांशी बोलायची. पुढं प्लोवदिव शहरातल्या एका इस्पितळात ती भुलीची नर्स झाली, तर तिथंही तेच. मूल टेबलावर झोपलं, डोळे मिटले, तरी हिचं तोंड सुरूच. "पिल्ला, आता जरा गार लागेल हं. मी आहे इथंच."

"मावशी, अहो झोपलंय ते!" तिच्या लेकाच्या वयाचा सर्जन ओग्न्यान म्हणायचा. "भिंतीशी बोला, तीही एवढंच ऐकेल."

"तुमच्यापेक्षा भिंत बरी, डॉक्टरसाहेब, मध्ये बोलत नाही," म्हणून ही पुढं चालू.

सात वर्षांच्या बिल्यानाचं अपेंडिक्स काढलं. दुसऱ्या दिवशी ओग्न्यान तिला तपासायला आला, तेव्हा राडकाही विचारपूस करत तिथंच उभी होती. पोरीनं त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "काका, तुमच्या सासूबाई भरल्या मिरच्यांत खरंच मीठ घालत नाहीत?"

ओग्न्यानचा चेहरा खर्रकन उतरला. हे रडगाणं त्यानं ऑपरेशन करता करता गायलं होतं.

पोरीच्या आईला हसू फुटलं, पण राडकाला घाम फुटला. म्हणजे भूल मध्येच उतरली होती! ती पलंगावर टेकली. "दुखलं का गं, सोन्या?"

"नाही. पण हात हलेना. मी खूप घाबरले. मग एक मावशी म्हणाली, मी आहे इथंच. तिच्या गोष्टीत तिच्या आजोबांचं गाढव पाद्र्याची टोपी खात होतं. खाऊन झाली आणि मला झोप लागली."

राडकानं तिला कुशीत घेतलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आईला सगळं खरं सांगितलं. पोर झोपेत दचकत तर नाही ना, हे त्या पुढं कितीतरी दिवस विचारत राहिल्या. आणि सगळ्यांना ताकीद मिळाली: मूल ऐकतंय असं धरूनच बोलायचं.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं, ती ऐकतात म्हणून?" ओग्न्याननं विचारलं.

"कसलं ठाऊक! मला गप्प बसवत नाही, एवढंच."

पुढच्याच ऑपरेशनला तो झोपलेल्या पोराकडे वाकला, खाकरला आणि म्हणाला, "एक लांडगा होता. तो... आजारी पडला."

"सरका!" राडका म्हणाली. "पोराला झोपवायचंय की रडवायचंय?"