तक्त्यावरचे वीस श्वास

मंडळी, न्यूमोनिया झालेल्या नणंदेला बघायला आज दुपारी जळगावात दवाखान्यात गेले. तिच्या तक्त्यावर मिनिटाला वीस श्वास लिहिलेले. शेजारच्या तिन्ही खाटांवरही वीसच.

मला एकाहत्तर साल आठवलं. धुळ्यात मी नवी नर्स होते. तिथेही न मोजताच सगळ्यांचे वीस, म्हणजे सगळं ठीक, असं लिहायचे. न्यूमोनियाने दाखल झालेल्या शिंदखेड्याकडच्या एक म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या, "आते ताप नही शे, माले घर जाऊ द्या." डॉक्टरही सोडायला तयार. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोजलं, तर अडतीस भरले. म्हातारपणी ताप उतरला म्हणजे छाती सुधारली असं नसतं.

"सिस्टर, आता तुम्ही मला शिकवणार?" डॉक्टर म्हणाले.

"नाही सर, तुम्हीच मोजा."

त्यांनी मोजलं आणि गुपचूप ऑक्सिजन लावायला सांगितलं. अक्का पंधरा दिवसांनी चालत घरी गेल्या.

आज नणंदेचे मोजले, चौतीस भरले. तिथली सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर बसा." मी खाटेपासून हलले नाही. डॉक्टर आले, त्यांनी स्वतः मोजलं, वीस खोडून चौतीस लिहिलं, तेव्हाच मी उठले.

तुमच्या माणसाच्या तक्त्यावर किती लिहिलेत? आणि ते मोजले कुणी, हे विचारलंत का?