दादांच्या नावाचे गहू

लघवीला वारंवार जावं लागतं, ही काही सांगत सुटण्यासारखी गोष्ट नाही. सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या खान्देशी गल्लीने मला साखर झाली असं धरूनच टाकलं होतं आणि मीही बिनसाखरेचा चहा पिऊन त्याला हातभार लावत होतो. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं. डॉक्टरांनी प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला होता. कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकेल अशा पेशी आहेत, म्हणाले. थोरला भाऊ प्रोस्टेटच्या कॅन्सरनेच गेला, तेव्हा जनुकीय तपासणी करा, तुमच्या मुलासाठीही कळायला हवं. मुलाचं नाव निघालं आणि मी खुर्चीतून उठलोच. श्रावणात घरी कानबाई देवी बसते, ती होऊ दे, मग बघू, असं सांगून मी पळ काढला. देवीच्या पदराआड लपणारा असा भक्त तिनेही पाहिला नसेल.

थोरले दादा गेल्यानंतरची ही पहिलीच कानबाई. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक हयात पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. हा मान दादांचा. आता मोठा मी. मूठ भरली आणि सवयीने तोंडातून पहिलं नाव दादांचंच निघालं. गहू सुपात पडले. देवीसाठी घेतलेले गहू परत पोत्यात टाकता येईनात.

वहिनी पुढे आल्या. म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. त्यांच्या वाट्याचा रोट मी खाईन." मग सूप उचलताना, मलाच ऐकू येईल इतक्या हळू: "सकाळपासून कितीदा उठलात, बघतेय मी. त्यांचंही असंच सुरू झालं होतं. कानबाई होऊ दे, कानबाई होऊ दे, म्हणत राहिले. तुम्ही नका म्हणू."

डॉक्टरांपुढचे माझे शब्द त्यांना कुणी सांगितले नव्हते.

विसर्जन करून आलो आणि तपासणीला रक्त दिलं. रिपोर्टमध्ये दोष निघाला, बापाकडून मुलाकडे उतरू शकणारा. वेळेत आलात, आता नजर ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. मग रिपोर्ट मुलापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. सुरतेत वाढलेला पोरगा, बोलतो निम्मं गुजराती. "चालो पप्पा, माझी पण करून टाकू," एवढंच म्हणाला आणि मोरीत गेला. आत नळ बराच वेळ चालू होता.

त्याचा रिपोर्ट अजून यायचाय. वहिनींच्या तोंडून देवी वेळेवर बोलली, एवढ्यावर माझं डोकं तिच्या पायाशी आहे. सकाळी दिवा लावताना पूर्वी मागण्यांची रांग असायची. आता मुलाचं नाव घेतो आणि तिथेच थांबतो. पुढचं तिने ठरवावं.