रांगेतला पहिला

"आधी कागद, मग चहा," असं म्हणून ते हात पुढे करत. सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या आमच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, कुणीही त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलं की हे ठरलेलं. कागद वाचून होईपर्यंत चहा निवून जाई.

लंडनला बॅरिस्टर झालेला हा माणूस इथल्या कोर्टात उभा राहू शकत नव्हता. सिंगापुरात पक्षकाराला भेटणारा आणि कोर्टात बोलणारा वकील एकच असतो, आणि त्यासाठीच्या परीक्षा वेगळ्या. पत्नीच्या नोकरीमुळे ते इथे आले तेव्हा पन्नाशी उलटली होती. मग रॅफल्स प्लेसच्या एका ऑफिसात करार तपासत राहिले. युक्तिवाद करायला मिळे तो फक्त काँडोच्या समितीपुढे. त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट असे. असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. आपण त्याला थोडं हसतो.

रोज सकाळी सहाला आम्ही दोघं समुद्राकाठी चार किलोमीटर चालायचो. एकदा म्हणाले, "आम्हा बॅरिस्टरांत टॅक्सीसारखा नियम आहे. रांगेत जो पहिला, तो आपला पक्षकार. आवडो न आवडो." मी मान डोलावली.

पुढे आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी गळू लागलं. वरच्या फ्लॅटमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आंटी एकट्या राहत. मी बादली लावली, एकवीस दिवस रोजचं पाणी मोजून लिहिलं आणि तो तक्ता जोडून समितीकडे तक्रार दिली: आंटींनी फरशी फोडून गळती थांबवावी. म्हणजे त्यांना महिनाभर दुसरीकडे राहावं लागणार होतं. तक्रारीची एक प्रत त्यांनाही गेली.

दुसरी प्रत घेऊन मी संध्याकाळी बॅरिस्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदाच कागदाला हात लावला नाही.

"उशीर झाला. आंटी दुपारीच येऊन गेल्या."

"अहो, आपण रोज बरोबर चालतो!"

"उद्याही चालू. सहा वाजता."

"चहाला आपण, आणि बाजू आंटींची!" बायको घरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी चालायला गेलो नाही. तिसऱ्याही.

समितीच्या बैठकीत बॅरिस्टरांच्या हातात माझाच तक्ता होता.

"चौदा आणि पंधरा तारखेला शून्य लिहिलंय. लिहिताना चूक झाली का?"

"माझ्या आकड्यांत चूक नसते. आम्ही मलाक्काला गेलो होतो. परत आलो तेव्हा बादली कोरडी होती."

"म्हणजे आंटींनी दोन दिवस आंघोळ केली नाही?"

"एव्हरी डे टू टाइम्स, लाह!" आंटी ओरडल्या. सगळे हसले.

"आणि तुमचा एसी?"

"बंद होता," मी म्हणालो, आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं. आमच्याच एसीचं पाणी नेणारा पाइप त्या छतातून जात होता. मी तिथेच तक्रार मागे घेतली. पाइपचा सांधा अर्ध्या तासात दुरुस्त झाला.

दुसऱ्या दिवशी सहाला ते गेटपाशी उभे होते. "चला," एवढंच म्हणाले. तो विषय पुन्हा कधीच काढला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीची बदली झाली आणि ते दोघं दुबईला गेले.

परवा पाचव्या मजल्यावरचा गृहस्थ दारात आला. त्याच्या कुत्र्याबद्दल मी दोनदा तक्रार केलेली. हातात समितीची नोटीस.

"ब्रदर, यू हेल्प मी, कॅन?"

बायकोनं आतून डोळे मोठे केले. मी हात पुढे केला. त्यानं कागद दिला. वाचून होईपर्यंत चहा निवला.