गोरक्ष फिटरची हवेची पेटी

गोरक्षला फट म्हणून सहन होत नसे. ओझरच्या विमान कारखान्यात अठरा वर्षं पत्र्याचं काम केलेला माणूस तो. तिथे दोन पत्रे जोडले की जोडावर साबणाचा फेस लावायचा, आतून हवा सोडायची, आणि एक जरी बुडबुडा दिसला तरी सगळं उलगडून पुन्हा करायचं. अठरा वर्षं रोज बुडबुडे शोधल्यावर माणसाचं काय होतं, ते त्याच्या बायकोला, मनीषाला विचारा. हा डब्याचं झाकण असं दाबून बसवायचा की तिला ते उघडायला चमच्याचा दांडा लागायचा.

मनीषा इगतपुरीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची नोकरी घाटमाथ्यावर, त्याची ओझरला, म्हणजे दहा वर्षं दोघांचा संसार रविवारचा. लेक शुभांगी लहानपणी बापाला पाहुणाच समजायची. शेवटी २००१ साली गोरक्षने स्वेच्छानिवृत्ती घेतली, इगतपुरीत तीन खोल्यांचं घर केलं आणि ओसरीवर पत्र्याच्या पन्हाळी आणि पेट्या करून द्यायचं दुकान थाटलं. चाळिशीत हा गडी पहिल्यांदा आपल्या बायको-पोरीसोबत राहायला लागला. इतका खूश, की पोरीची शाळेची वेणीसुद्धा हाच घालायचा. तीही अशी आवळून की ती म्हणायची, "पप्पा, डोळे वर ओढले जातात."

आता इगतपुरीचा पाऊस. नाशिकचा माणूस म्हणतो, आमच्याकडेही पडतो की. अहो, पडत असेल, पण तुमच्या घरात ढग येऊन खाटेवर बसतो का? इथे बसतो. दार उघडं राहिलं की धुकं आत येतं, काडेपेटी पेटत नाही, मिठाचं पाणी होतं आणि वाळलेला शर्टही अंगाला गार लागतो. पहिले दोन पावसाळे गोरक्षने दात-ओठ खाऊन काढले. तिसऱ्या वर्षी, २००३ च्या मे महिन्यात, तो इरेला पेटला. नाशिकहून रबराच्या पट्ट्या आणल्या, सांधे भरायची पेस्ट आणली. खिडक्या, दारं, छपराखालची भोकं, शुभांगीच्या खोलीतला झरोका, काही म्हणता काही सोडलं नाही. मग उदबत्ती पेटवून प्रत्येक चौकटीपाशी धरली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही.

"आता येऊ दे म्हणावं पाऊस," तो मनीषाला म्हणाला.

पाऊस आला, आणि घरात थेंबही शिरला नाही. गोरक्ष आठ दिवस छाती काढून फिरला.

नंतर कपाटामागे काळे ठिपके दिसले. मग छताच्या कोपऱ्यात. मग शुभांगीच्या खाटेला लागून असलेली अख्खी भिंत काळी-हिरवी झाली. गोरक्ष पुसायचा, तीन दिवसांत बुरशी पुन्हा हजर. चपलांना लव फुटली, पुस्तकांना वास यायला लागला, भिंतींवर आतल्या बाजूने पाणी सुटलं. पाऊस बाहेर आणि भिंत आतून ओली, हा काय प्रकार? गोरक्षला काही उमगेना. तेवढ्यात शुभांगीला खोकला लागला. खोकल्याची धाप झाली, धापेची छातीत घरघर झाली, आणि एका दुपारी शाळेतून आल्यावर ती दप्तर न काढता दारातच बसली. नऊ वर्षांची पोर, पण बोलायलाही श्वास पुरेना.

नाशिकचे डॉक्टर म्हणाले, बुरशीने दमा उठलाय, घरात हवा खेळू द्या. खिडक्या उघडल्या. हवा कसली खेळते, धुकंच आत शिरलं. अंथरूण चिंब झालं, पोर कुडकुडायला लागली आणि धाप दुप्पट झाली. खिडकी लावावी तर बुरशी, उघडावी तर गारठा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली.

मनीषाचा थोरला भाऊ महेश मखमलाबादला भाजीपाला पिकवायचा. तो आला आणि भाचीला घेऊन गेला. तिथे पंधरा दिवसांत पोरीची धाप थांबली. हे कळलं त्या दिवशी मनीषाने बदलीचा अर्ज भरून टेबलावर ठेवला.

"राखीपौर्णिमेपर्यंत थांबते," ती म्हणाली. "घर धड झालं तर ठीक. नाही तर मी नाशिक तालुक्यात बदली मागणार आणि पोरीला घेऊन तिकडेच राहणार. तुम्ही रविवारी येत जा."

ते 'रविवारी' गोरक्षच्या काळजात बसलं. त्या रविवारांसाठी त्याने नोकरी सोडली नव्हती.

दोन दिवसांनी तो शेजारच्या लताबाईंची पन्हाळ बसवायला गेला. लताबाईंचे यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावर बाई एकटीच. घर जुनं, कौलं सरकलेली, दोन ठिकाणी खाली पातेली मांडलेली. गोरक्ष चहा प्यायला आत बसला आणि बघतो तर काय, भिंती त्याच्या घरापेक्षा पांढऱ्या.

"लताबाई, तुमच्याकडं बुरशी नाय?"

"हाय की थोडी. पन वारं येतं-जातं ना बाबा. तुझ्या घरात आले की माझं नाक कोंडतं. बरणीत बसल्यावानी वाटतं मला."

गोरक्षच्या हातातला कप तसाच राहिला. कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवरच्या ओल्या कपड्यांची ओल, तीन माणसांचा श्वास. हे सगळं जायचं कुठून? त्याने जागाच ठेवली नव्हती. बाहेरचं पाणी अडवताना त्याने आतलं पाणी कोंडून ठेवलं होतं, आणि ते रोज पोरीच्या उशाशी भिंतीवर सुटत होतं.

घरी मनीषा लसूण सोलत होती. तो तिच्यासमोर बसला. "मीच केलं गं हे. फटी बुजवल्या म्हणून झालं. पोरीला मीच आजारी पाडलं."

मनीषाने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. म्हणाली, "मग आता तुम्हीच निस्तरा."

निस्तरायचं म्हणजे काय करायचं? हवा बाहेर गेली पाहिजे, ऊब घरातच राहिली पाहिजे, आणि नवी हवा आत येताना गारठा आणता कामा नये. एवढं मनाशी मांडलं आणि गोरक्ष ताडकन उठला. अरे, हे तर त्याने हाताने केलेलं काम. विमानाच्या इंजिनाचं तेल थंड करणारा कूलर. तेल एका बाजूने, हवा दुसऱ्या बाजूने, मध्ये पातळ पत्रा. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पण तेलाची ऊब पत्र्यातून हवेकडे जाते. तेलाच्या जागी घरातली कोंदट हवा घेतली की झालं. ती जाता जाता आपली ऊब येणाऱ्या हवेला देईल. आणि गार हवा ऊबदार झाली की तिच्यात ओल शोषायला जागा होते, म्हणजे येणारी हवा घराला ओलं करणार नाही, उलट जरा कोरडंच करील. त्याला इतका आनंद झाला की त्याने बायकोच्या हातातला लसूण काढून घेतला आणि स्वतःच सोलायला बसला, आणि पाकळ्या सालीसकटच वाटीत टाकत गेला.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर नुसती ठोकाठोक. ॲल्युमिनियमचे चाळीस पातळ पत्रे कापले. एकावर एक रचले, मध्ये बोटभर जागा सोडून. एका थरातून घरातली हवा बाहेर, त्याच्या खालच्या थरातून बाहेरची आत, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. नाशिकला भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे आणले. लाइट गेली तरी फिरले पाहिजेत म्हणून जुन्या जीपची बॅटरी जोडली. लोक विचारायचे, काय करतोस रे, तर हा पठ्ठ्या पन्हाळीचं गिऱ्हाईक सोडून अर्धा तास समजावत बसायचा. गिऱ्हाईक वैतागून जायचं. लताबाई म्हणाल्या, "येड लागलं का काय याला?" लागलंच होतं.

मग पहार घेऊन त्याने स्वतःच बंद केलेला झरोका फोडला. पेटी तिथेच छताखाली बसवली, एक नळी स्वयंपाकघरात, एक शुभांगीच्या खोलीत, दोन बाहेर, तोंडाला जाळी आणि वर पावसाची टोपी. बटण दाबलं. पंखे फिरले. त्याने उदबत्ती स्वयंपाकघरातल्या नळीच्या तोंडाशी धरली आणि धूर आडवा होऊन आत खेचला गेला. जन्मभर ज्याने फटी बुजवल्या, तो हलणारा धूर बघून नाचायचाच बाकी राहिला.

"मनीषा, इकडे ये. बाहेरच्या नळीला हात लाव. गार ना? आता ह्या आतल्या तोंडाशी लाव."

तिने लावला. बाहेर अंगावर काटा आणणारी हवा, आणि आत येताना तीच नुसती ताजी, गारठा नावाला नाही. मनीषाने हात काढला नाही. दोनदा बाहेर, दोनदा आत, असं करून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पेटीतून टपटप पाणी गळायला लागलं, बरोबर शुभांगीच्या खाटेवर. मनीषा म्हणाली, "घ्या. छप्पर गळत नव्हतं, आता पेटी गळते." गोरक्षने खाली तांब्या धरला. संध्याकाळपर्यंत तो अर्धा भरला. दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. हा तांब्या घेऊन लताबाईंच्या दारात गेला.

"हे बघा. हे पाणी भिंती पीत होत्या. आता पेटीत सापडलं."

बाहेर जाणाऱ्या ओल्या हवेतलं पाणी गार पत्र्यावर सुटत होतं, आणि या शहाण्याने पेटी सपाट बसवली होती. त्याने ती बाहेरच्या बाजूला उतरती केली, तळाला भोक पाडलं आणि सलाइनची नळी लावून पाणी परसात सोडलं. मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने सगळ्या भिंती घासल्या, चुना दिला, आणि वाट बघत बसला. पाच दिवस. दहा दिवस. तो दिवसातून वीसदा टॉर्च घेऊन कपाटामागे डोकावायचा. काळा ठिपका काही येईना.

राखीच्या चार दिवस आधी महेश शुभांगीला घेऊन आला. बाहेर सरीवर सर चालू होती. "चार दिवस बघू," तो म्हणाला. "धाप लागली की लगेच फोन करा, दाजी. राखीला मी येतोच, तेव्हा परत नेतो." पोरीची बॅग न उघडता कोपऱ्यात ठेवली गेली.

ते चार दिवस गोरक्षने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. पोर शिंकली की हा उभा. पोर हसली की हा कान देऊन ऐकणार, हसण्यात घरघर तर नाही? मनीषा शाळेत जायची, पण मधल्या सुट्टीत घरी पळत यायची. टेबलावर बदलीचा अर्ज तसाच होता आणि जेवताना दोघंही त्याला वळसा घालून ताटं ठेवायचे.

पौर्णिमेला महेश दहाच्या गाडीने आला. मनीषाने पाट मांडला, त्याला ओवाळलं, राखी बांधली, नारळीभाताचा घास भरवला. महेशने खिशात हात घातला आणि मग काही आठवल्यासारखा थांबला. माणूस मोठ्या मनाचा. भिंतींकडे बघत म्हणाला, "दाजींनी खूप केलं, नाही म्हणत नाही. पण पावसाळा अजून दोन महिने आहे. जोखीम कशाला? मने, यंदा ओवाळणी म्हणून पोरीची दिवाळीपर्यंतची सगळी जबाबदारी माझी. शाळेचंही मी बघतो."

गोरक्ष दाराला टेकून उभा होता. ज्या माणसाने पोरीला आजारी पाडलं त्याने बोलायचं तरी कुठल्या तोंडाने?

मनीषाने निरांजन खाली ठेवलं. शुभांगीला जवळ ओढलं, तिच्या पाठीला कान लावला आणि डोळे मिटले. शुभांगी गुदगुल्या होऊन हसली, तर तिने "गप" म्हणून दटावलं. डाव्या बाजूला ऐकलं, उजव्या बाजूला ऐकलं, मग पुन्हा डाव्या. पेटीतले पंखे फिरत होते. गोरक्षने स्वतःचा श्वास धरून ठेवला होता.

"दादा," पोरीच्या पाठीवरचा कान न काढता मनीषा म्हणाली, "ओवाळणीत दुसरं काहीतरी दे. पोर पप्पांच्या घरात राहणार आहे."